बर्फाला मत

धाकटीनं पेटीच्या कापडी बाहीत कोपरापर्यंत हात घातला आणि मुठीतली गोटी डावीकडे सोडली.

आवाज झाला नाही. पेटीला आतून जाड लोकरी कापड लावलेलं होतं, ते त्यासाठीच. जहाजावरच्या सुतारानं ती मुद्दाम तशी घडवली होती. वरून एकच बाही, आत दोन कप्पे. गोटी कुठल्या कप्प्यात गेली ते बाहेरच्या माणसाला कळायची सोय नव्हती. हाताला तेवढं ठाऊक, आणि हाताला तोंड नसतं.

तिनं हात बाहेर काढला, मनगटावरचं घड्याळ सारखं केलं आणि रांगेतून बाजूला झाली. दाराशी तिचे यजमान वाट बघत होते. जमिनीवर असताना ते दातांचे डॉक्टर होते. पाण्यावर आल्यावर दवाखाना सुटला, पण डॉक्टर हे नाव काही सुटलं नाही.

"टाकलीस?"

"टाकली."

"उजवीकडे ना?"

"इथं असं विचारायचं नसतं हो."

"बरं, नाही विचारत," ते म्हणाले, आणि डोळे मिचकावून हसले. "जशी काही मला माहीतच नाही."

हे जहाज फिरायला आलेल्यांचं नव्हतं, राहायला आलेल्यांचं होतं. कुणी बंगला विकून, कुणी धंदा मुलांवर सोपवून इथं घर घेतलेलं. दारांवर पाट्या होत्या, दारांत पायपुसणी होती. साखर संपली की शेजारी वाटी घेऊन जाता येत होतं. फरक एवढाच, की सकाळी पडदा सारला की अंगण बदललेलं असायचं. जहाज सगळ्यांच्या मालकीचं, म्हणून त्यानं कुठं जायचं तेही सगळ्यांनीच ठरवायचं. वर्षातून एकदा कप्तान दोन वाटा समोर ठेवायचा, आणि घरटी एक गोटी पेटीत पडायची.

यंदा एक वाट वर जात होती, बर्फाच्या समुद्राकडे. दुसरी खाली, उन्हाच्या बंदरांकडे. त्यातलंच एक बंदर धाकटीच्या माहेरचं. तिथं जहाज चांगलं ऐसपैस मुक्काम करणार होतं.

सहा वर्षांत ते बंदर प्रथमच यादीत आलं होतं, आणि डॉक्टरांच्या अंगात वारं शिरलं होतं. गेले कित्येक दिवस ते दारोदार फिरत होते. "एक गोटी उजवीकडे टाका हो, बायकोचं माहेर आहे, आई थकलीय तिची," असं सांगत. कुणी कां कूं केलं तर म्हणत, "आ करा बघू," आणि खिशातली छोटी बॅटरी काढून त्याच्या दाढा तपासत. जहाजभर थट्टा सुरू झाली होती, की डॉक्टर मत मागायला येतात आणि दाढ काढून नेतात. घराची गोटी टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली होती.

"माहेर तुझं. गोटी तूच टाक."

दुपारी कप्तानानं सगळ्यांसमोर पेटी उघडली. बर्फ जिंकला. थोडक्यात जिंकला, पण जिंकला.

टाळ्या वाजल्या, आणि मग टाळ्या वाजवणाऱ्यांचं धाकटीकडे लक्ष गेलं आणि त्या ओशाळून थांबल्या. तिला खुर्ची देण्यात आली. कुणी पाणी आणलं. एकीनं खांद्यावर हात ठेवला, एकानं "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हटलं. धाकटी मान हलवत राहिली. जिवंत माणसाच्या नावानं कुणी सांत्वन करायला यावं आणि आपण ते मुकाट ऐकून घ्यावं, तसं तिला होत होतं. डोळ्यांत पाणी आलं तेही खरंच आलं. पण ते कशाचं, हे त्यातल्या एकालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझंच," घरी आल्यावर डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले. "खालच्या मजल्यावर गेलोच नाही मी. गुडघा दुखत होता, म्हटलं राहू दे. तेवढी चार दारं केली असती तर..."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"मग कुणी घ्यायचं?"

तिनं त्यांच्या चपला उगाचच उचलून भिंतीला लावून ठेवल्या. मग आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

ही खोली. सगळं इथंच तर अडलं होतं. दोन पावलं टाकली की संपणारी, एक खिडकी, एक अरुंद टेबल, आणि समुद्र खवळला की रंगांच्या बाटल्या घसरू नयेत म्हणून टेबलाला ठोकलेली लाकडी पट्टी. लहानपणी ती ताईबरोबर एका पलंगावर झोपली. लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या खोलीतून जा-ये असलेल्या खोलीत आली. मग पोरांच्या अभ्यासाला जागा, मग पोरांच्या पाहुण्यांना जागा. केस पांढरे झाल्यावर, पाण्यावर, तिला आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावता येईल अशी खोली मिळाली होती. इथं ती पाणी रंगवायची. चित्रं काही फार चांगली नव्हती, हे तिलाही दिसत होतं. पण वाईट का होईना, चित्र पुरं होईपर्यंत कुणी हाक मारत नव्हतं.

आणि ताई फोनवर म्हणाली होती, "तुझं जहाज आलं की आईला दोन महिने तुझ्याकडे ने. माझ्या खुब्याचं ऑपरेशन आता ढकलता येत नाही गं. काठी टेकत तिला उचलते, एक दिवस दोघीही पडू. तुझी ती खिडकीची खोली आहे ना?"

"हो, म्हणजे काय! विचारायचं काय त्यात?" धाकटी म्हणाली होती. इतक्या झटकन म्हणाली होती, की ताईचं पुढचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

जहाज तिकडं आलं की. सहा वर्षं हे शब्द तिनं ओठांवर खेळवले होते. आईचा हात मोडला तेव्हा, आईला घरातली माणसं परकी वाटू लागली तेव्हा, ताईनं नोकरी सोडली तेव्हा. जहाज तिकडं आलं की येतेच बघ. डॉक्टरांच्या मित्राच्या साठीला मात्र दोघं मधल्या बंदरावर उतरून विमानानं जाऊन आली होती. तेव्हा काही जहाज आडवं आलं नव्हतं.

एकदा तर ताईनं फोन टेबलावर उभा करून ठेवला होता, आईला धाकटी दिसावी म्हणून. बोलता बोलता आईच्या खुर्चीखाली ओल पसरली. ताई काठी शोधत उठली, वाकली, आईच्या साडीला हात घातला, आणि आई तिला चापट्या मारू लागली. धाकटीनं पाहिलं आणि बोटानं फोन बंद केला. मग संदेश पाठवला, की समुद्रावर आहोत ना, लाईन तुटली. समुद्र बिचारा निमूट होता. त्याच्यावर काहीही ढकललं तरी तो उलटून बोलत नाही.

आपला हात गोंधळला, डावं-उजवं चुकलं, असं तिनं आता स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःलाही ते पटलं नाही. बाहीच्या आत हात एकदा उजवीकडे गेला होता, तिथं थांबला होता, आणि मग पूर्ण शुद्धीवर राहून डावीकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. शेजारच्या भूगोलाच्या बाई आल्या होत्या. सगळं आयुष्य त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि घर सोडून कुठं गेल्या नाहीत. मग भाऊ वारला आणि जहाजावरचं त्याचं घर त्यांच्याकडे आलं. डोळे आता दिवसेंदिवस विझत चालले होते. व्हरांड्यातल्या कठड्याला हात लावत लावत त्या चालायच्या, आणि कुणाचं दार किती पावलांवर ते हातालाच कळायचं.

"आहेस का गं? की रुसून बसलीस?"

"या ना बाई. बसा."

त्या खिडकीच्या खोलीतच येऊन बसल्या. खुर्ची चाचपून, पदर सावरून.

"मी उजवीकडे टाकली होती," बाई म्हणाल्या.

बाईंसाठी भरलेला पाण्याचा पेला धाकटीच्या हातात तसाच राहिला. "काय?"

"गोटी. तुझ्या आईसाठी. डॉक्टर आले होते ना दाढा बघत. माझे दात तर कवळीचे, त्यांनी ती पण बघितली." त्या हसल्या. "म्हटलं, बर्फ काय, बघितला नाही तर काय अडतंय? जन्मभर फळ्यावर काढला की. खडू आडवा धरायचा आणि नुसता फिरवायचा, झाला बर्फ. पोरं विचारायची, बाई तुम्ही बघितलाय? मी म्हणायचे, गप बसा, नकाशा बघा."

"बाई, तुमचे डोळे... पुढच्या वर्षी..."

"तेच तर. पुढच्या वर्षी हे दोन्ही डोळे असतील नसतील. पण आई ती आई." बाईंनी आवाज खाली आणला. "मी त्यासाठी नाही आले. मी माफी मागायला आलेय."

"कसली माफी?"

"बर्फ निवडून आला ना, तर मला आनंद झाला गं. लपवून काय करू? सगळे तुझ्याभोवती उभे होते आणि मी खाली मान घालून हसत होते. तू रडत होतीस आणि मी, या वयात, गालातल्या गालात... अगदीच वाईट वाटलं नंतर. तुझ्या आईच्या वाट्याचं काहीतरी मी खाल्लं असं झालं. रागावली असशील तर रागाव. पण बोल."

खिडकीतून पाणी मागं मागं जात होतं. बाईंचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. तिनं आपला हात पुढं केला, तसा त्यांनी तो घट्ट धरला. तोच हात, बाहीत गेलेला.

"नाही रागावले," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही बघा बर्फ. डोळे भरून बघा."

"डोळे भरायला फार नाही लागत आता," बाई म्हणाल्या. "थोडक्यात भरतात."

त्या गेल्या. कठड्यावरून त्यांचा हात सरकत जाण्याचा आवाज दार लागल्यावरही जरा वेळ येत होता. धाकटी खुर्चीत बसून राहिली. आपण ज्या बाजूला ढकललं, तीच बाजू बाईंना हवी होती, आणि त्या ती सोडायला निघाल्या होत्या. मतं फिरली होती ती अशी, एकमेकींना न सांगता. बाईंना बर्फ मिळाला होता, म्हणून तरी आपलं मत सत्कारणी लागलं, असं म्हणून बघावं का? तिनं तेही मनातल्या मनात म्हणून बघितलं, आणि तोंडात कडू चव आली.

तिनं ताईला फोन लावला. बाहेरच्या खोलीत डॉक्टर चहाचे कप धुऊन फळीवरच्या तसल्याच पट्टीच्या आत ओळीनं उभे करत होते. मधलं दार उघडंच होतं. तिनं ते लावलं नाही.

"ताई, नाही झालं गं."

"काय नाही झालं?"

"जहाजाचं. बर्फ निवडून आला."

"बर्फ निवडून आला?" ताई हसली. "बरंय बाई तुमच्याकडे. आमच्याकडे अजून माणसंच निवडून येतात. काय उजेड पाडतात ते बघतोच."

धाकटीला हसू आलं नाही. "मग तुझ्या ऑपरेशनचं?"

"तारीख मिळालीय. पुढच्या महिन्यात."

"आणि आई?"

"तिला दोन महिने वृद्धाश्रमात ठेवतेय. बघून आले मी. स्वच्छ आहे, बायका बोलायला बऱ्या आहेत. खिडकीपाशी पलंग मागितलाय, तिला खिडकी लागते ना. इथंही दिवसभर खिडकीतच असते. बंदरात कुठलं जहाज लागलं की म्हणते, आली वाटतं."

"कधी ठरवलंस हे?"

"झाले बरेच दिवस."

"म्हणजे आमची मतं पडायच्या आधी?"

पलीकडे खडखड झाली. ताई काहीतरी सरकवत होती, काठी असेल. मग ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"अगं, तुझं जहाज येईल असं धरून मी कशी बसू? तुला बोल लावत नाहीये मी. मनात काही आणू नकोस. पण तू येशील असं धरून चालायची सवयच राहिली नाही."

धाकटी उभी राहिली. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. ताईचं अडलं नव्हतं, खोली राहिली होती, आपलं कुणी नाव घेणार नव्हतं. सगळं आपापल्या जागी लागलं होतं, त्या पट्टीच्या आतल्या कपांसारखं.

"ताई, बर्फाला मत मी दिलं."

बाहेरच्या खोलीतलं पाणी बंद झालं.

"आमच्या घराची गोटी माझ्याकडे होती. मी मुद्दाम डावीकडे टाकली."

"हे मला कशाला सांगतेस?" ताई म्हणाली.

"म्हणजे..."

"नाही, खरंच विचारते. सांगून तू मोकळी होणार, आणि मी ते घेऊन कुठं ठेवू? माझ्या दोन्ही हातांत काहीतरी आहेच. एकात काठी, एकात आई." ती थांबली. "चल, तिची अंघोळ राहिलीय."

"थांब. ठेवू नकोस. तारीख सांग."

"कसली?"

"ऑपरेशनची. त्याच्या आधी येते मी. तिला आश्रमात नको ठेवूस. तू बरी होईपर्यंत मी घरी राहते, तुम्हा दोघींपाशी."

"जहाज तर..."

"विमानानं येते."

"विमानं कालही होती गं," ताई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. "होती."

एवढंच. दुसरं काही तिनं पुढं केलं नाही, ना समुद्र, ना लाईन, ना डॉक्टरांचा गुडघा. दारात डॉक्टर येऊन उभे होते. ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. ते खिडकीकडे बघत राहिले, मग वळले, आणि पलंगाखालची बॅग ओढून काढल्याचा आवाज आला. एकच बॅग. दुसरी त्यांनी ओढली नाही.

"ऐक," ताई आता वेगळ्या आवाजात बोलत होती, धाकटीला पाढे म्हणायला लावणाऱ्या जुन्या आवाजात. "येणार असशील तर नीट विचार करून सांग. आश्रमातला पलंग एकदा सोडला की परत मिळायचा नाही. आणि आईला सांगू का नको? ती विसरते सगळं, पण वाट बघायचं विसरत नाही."

"पलंग सोड," धाकटी म्हणाली. "आईला दे फोन. मी सांगते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. थोडी खरखर, मग श्वास. हा श्वास तिनं अंधारातही ओळखला असता.

"आई, मी येतेय."

"कोण?"

"धाकटी."

"ती नाही हो इथं," आई म्हणाली. आवाज मऊ होता, घरी आलेल्या परक्या बाईशी बोलावा तसा, आदबीचा. "ती जहाजावर असते. लांब असते फार. तिला यायला जमत नाही. तुम्ही तिला काही बोलू नका हं. जहाज तिकडं आलं की येणारच आहे ती."

धाकटीनं टेबलाची पट्टी धरली. तिचेच शब्द होते. सहा वर्षं तिनं ते पाठवले होते आणि आईनं ते जपून ठेवले होते, कुणी विचारलं तर द्यायला. मी आहे गं, मीच आहे, असं म्हणावंसं वाटलं. म्हणून काय मिळालं असतं? तिला ओळख हवी होती, आणि आईला माणूस हवं होतं.

"बरं," ती म्हणाली. "नाही बोलत तिला. पण ती येईपर्यंत मी आले तर चालेल का? थोडे दिवस राहीन. तुमचं काय हवं नको ते बघीन."

आई विचार करत असावी. मागं ताई काहीतरी म्हणाली.

"या की," आई म्हणाली. "दार लोटलेलंच असतं. मला उठवत नाही, तेवढं तुम्हीच आत या."